बारवेसाठी ड्रोन : सांगाड्याच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

काम नक्की झालं. सासवडच्या पलीकडच्या एका गावातली बारव वरून, अगदी सरळ खाली बघून टिपायची. भाची आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने टेप आणि ओळंबा घेऊन बारवेची मापं काढली आहेत, पण काठावर घाणेरी माजलेली, काही पायऱ्या सरकलेल्या, एका बाजूची भिंत पोटातून फुगलेली. तुकड्यातुकड्याने घेतलेली मापं एकमेकांशी जुळवायला वरून घेतलेला नकाशासारखा फोटो लागणार. "मामा, सुंदर नकोय रे, मोजता येईल असा हवाय," असं ती म्हणाली. ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, कारण पुढची सगळी रचना त्यावरून ठरते.

बारवेला एकाच बाजूने जिना आहे, म्हणजे जुन्या वर्गवारीत ती नंदा. दोन वाटा असत्या तर भद्रा, तीन असत्या तर जया, चार असत्या तर विजया.

कॅमेरा घरातलाच, जुना कॅनन एस१००. वजन बॅटरीसकट २०० ग्रॅमच्या आत, १२ मेगापिक्सेल, आणि सीएचडीके (कॅननच्या कॅमेऱ्यात घालायचं जादा सॉफ्टवेअर) घातलं की ठराविक सेकंदांनी आपला आपण फोटो काढत राहतो. सेन्सर ७.४४ मिलिमीटर रुंद, लेन्स सगळ्यात रुंद बाजूला ५.२ मिलिमीटर, फोटोची रुंदी ४००० पिक्सेल. २० मीटर उंचीवरून बघितलं तर एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे साधारण ७ मिलिमीटर येतात. पायरीच्या दगडाची कड ओळखायला एवढं पुरतं.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू. एक पिक्सेल म्हणजे कोनात ०.०२ अंश. फोटो काढताना पडदा १/१००० सेकंद उघडा असतो; तेवढ्यात कॅमेरा ०.०२ अंशाने डुगडुगला तरी दगडाची कड पुसट होणार. ड्रोन पुढे सरकल्यामुळे होणारा धूसरपणा यापुढे किरकोळ आहे: सेकंदाला २ मीटर वेगाने गेलो तरी तेवढ्या वेळात सरकतो २ मिलिमीटर. खरा शत्रू थरथर. म्हणून फ्रेम हा कॅमेऱ्याचा स्टँड आहे असं धरूनच काम करायचं, उडणं त्या स्टँडला शिकवायचं.

१३ नोव्हेंबर

वजनाची मर्यादा आधीच आखून घेतली. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपासून २ किलोपर्यंतचा ड्रोन सूक्ष्म वर्गात येतो, आणि व्यवसायासाठी नसेल तर त्या वर्गाला वैमानिकाचा परवाना लागत नाही. हे वजन कॅमेऱ्यासकट, उड्डाणाच्या वेळचं. म्हणजे २००० ग्रॅम ही माझी भिंत.

सांगाडा सोडून बाकीचं मांडलं. ३५०८ आकाराच्या ७०० केव्हीच्या (म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला ७०० फेऱ्या) चार मोटारी ३९२ ग्रॅम, मोटारींचा वेग सांभाळणारे चार ईएससी १०४, पंखे ६०, चार सेलची ५२०० एमएएचची बॅटरी ५३०, पिक्सहॉक (उड्डाण सांभाळणारा छोटा संगणक) आणि पॉवर मॉड्यूल ९०, जीपीएस ४०, रिसीव्हर आणि टेलिमेट्री (ड्रोनची माहिती जमिनीवर पाठवणारा रेडिओ) ४५, कॅमेरा २००, वायरी आणि कनेक्टर ९०. बेरीज १५५१. सांगाड्याला, पायांना, नटबोल्टांना मिळून उरतात ४४९ ग्रॅम.

तयार ड्रोन का नाही, असं घरात विचारून झालंय. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. पण तयार मिळाला असता तरी मी हेच केलं असतं. माझ्या कॅमेऱ्याला, माझ्या कामाला बेतलेला सांगाडा कुणी विकत नाही. आणि काही मोडलं तर बोहरी आळीत जाऊन दुरुस्त करता यावं, ही अट मला महत्त्वाची वाटते.

गिंबल, म्हणजे कॅमेरा आपोआप समतोल ठेवणारी यंत्रणा, लावणार नाही. सरळ खाली बघणाऱ्या, एकमेकांवर चढणाऱ्या फोटोंमधून नकाशा जुळवताना दोन-चार अंशांचा कल सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. ते वजन सांगाड्याच्या ताठपणावर खर्च करायचं.

१६ नोव्हेंबर

मांडणी: चार हातांचा, एक्स आकाराचा. समोरासमोरच्या मोटारींमधलं अंतर ५५० मिलिमीटर. त्यामुळे शेजारच्या दोन मोटारी ३८९ मिलिमीटरवर येतात. १२ इंची पंखा म्हणजे ३०५, मध्ये ८४ मिलिमीटर मोकळे. १० इंची पंखे लावून ४५० चा सांगाडा केला असता तर हात आखूड, म्हणून जास्त ताठ झाले असते. पण मोठा पंखा सावकाश फिरून तेवढंच वजन उचलतो, बॅटरी कमी खातो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा इथे थोडी पातळच. त्यामुळेही मोठ्या पंख्याकडे कल.

दुपारी बाजार. बोहरी आळीत ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या बघितल्या. अर्धा इंची आणि पाऊण इंची, दोन्हींची जाडी १ मिलिमीटर. दुकानदार म्हणाले, "साहेब, खिडकीला पाहिजे का ट्रॉलीला?" ड्रोनला म्हटल्यावर त्यांनी आतून सरळ, न वाकलेली नळी शोधून दिली आणि काचेवर ठेवून गोल फिरवून दाखवली. ही परीक्षा चांगली आहे: चौकोनी नळी काचेवर चारही अंगांनी बसवायची आणि कुठे उजेड दिसतो ते बघायचं.

कार्बन फायबरच्या नळ्यांचा विचार केला होता. त्या हलक्या आहेत यात वाद नाही. पण गोल नळी धरायला प्रत्येक टोकाला क्लॅम्प लागतो, आणि क्लॅम्प म्हणजे ढिलं पडू शकणारी आणखी एक जागा. चौकोनी नळी दोन पत्र्यांच्या मध्ये सपाट बसते, बोल्ट आरपार जातो, फिरत नाही. मला हा साधेपणा वजनापेक्षा मोलाचा वाटतो.

तपकीर गल्लीत वायर, एक्सटी६० कनेक्टर आणि श्रिंक ट्यूब. मधल्या प्लेटसाठी दीड मिलिमीटरची ग्लास इपॉक्सी शीट. हायलम (रेझिनचा तक्ता) स्वस्त पडला असता, पण भोकाच्या कडेला तो चिरतो.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि दिवसभर बाकावर.

आज ठरवायचं होतं, अर्धा इंची की पाऊण इंची. हात एका टोकाला धरलेला, दुसऱ्या टोकाला मोटारीचं वजन. टिचकी मारली की तो स्वतःच्या ठराविक वेगाने थरथरतो. हा वेग पंख्याच्या फिरण्याच्या वेगाजवळ आला की थरथर वाढतच जाते. त्यामुळे आधी पंखा किती फिरणार ते काढलं: प्रत्येक मोटारीने ५०० ग्रॅम उचलायचे, १२ इंची पंखा, पुण्याची हवा. उत्तर मिनिटाला ४३०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ७१. पंख्याला दोन पाती, त्यामुळे दुसरा ठोका १४२ वर. वर चढताना किंवा वाऱ्यात पहिला आकडा साठ ते पंच्याऐंशीमध्ये हलत राहणार.

नळी व्हाइसमध्ये, मोकळा भाग २१० मिलिमीटर. टोकाला मोटारीऐवजी फोन घट्ट बांधला आणि फायफॉक्स या ॲपमध्ये कंपनं नोंदवली. फोन मोटारीपेक्षा जड, म्हणून आकडा कमी येणार. तो वजनाच्या वर्गमुळाने सुधारून घ्यायचा.

अर्धा इंची: फोनसकट ५२ हर्ट्झ (सेकंदाला ५२ हेलकावे), मोटारीच्या वजनाला सुधारून ६२. म्हणजे बरोबर धोक्याच्या पट्ट्यात. पाऊण इंची: फोनसकट ९५, सुधारून ११२. पहिल्या ठोक्याच्या बराच वर, दुसऱ्याच्या बराच खाली. वजनातला फरक हाताला फक्त १७ ग्रॅम. जाडी तीच, नुसती चौकोनाची बाजू दीडपट झाली तर नळीचा ताठपणा साडेतीनपटींहून जास्त वाढतो. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण व्हाइसमध्ये धरलेल्या नळीला टिचकी मारल्यावर हाताला जे कळतं ते वेगळं. अर्धा इंची नळी डोळ्यांना दिसेल अशी थरथरते. पाऊण इंची नुसती टण् वाजते.

नळीला भोकं पाडून वजन कमी करायचा मोह टाळला. बंद नळी पिळाला दाद देत नाही, भोकं पाडली की तोच गुण जातो.

८ डिसेंबर

मधल्या दोन प्लेट कापल्या. ग्लास इपॉक्सीची धूळ वाईट; खाज सुटते, श्वासात तर मुळीच जाऊ नये. गच्चीवर, पाण्याची धार सोडत, एन९५ मास्क लावून हॅकसॉने कापलं आणि कानशीने कडा मारल्या. दोन्ही प्लेट एकत्र धरूनच भोकं पाडली, म्हणजे वरची-खालची भोकं आपोआप समोरासमोर येतात. हातांमधला ९० अंशाचा कोन सुताराच्या गुण्याने नाही, कर्णांनी तपासला: समोरासमोरच्या मोटारींचं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं, शेजारच्या चारही अंतरांत फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

१५ डिसेंबर

नळीची भिंत १ मिलिमीटर. त्यातून आरपार बोल्ट घालून आवळला की भिंत आत दबते आणि आज घट्ट वाटणारा सांधा आठवड्याने ढिला पडतो. उपाय जुना आहे: आत लाकूड. शेजारच्या काकांकडे सागवानाचा तुकडा होता. त्यांनी भोसरीत मशीनवर उभं आयुष्य काढलंय. १७ मिलिमीटरचा चौरस त्यांनी नुसत्या रंध्याने असा काढून दिला की ठोकळा नळीत अंगठ्याने ढकलला तर जातो आणि उलटी केली तर पडत नाही. ते म्हणाले, "अरे, अख्खा साठ मिलिमीटर कशाला भरतोस? बोल्ट जिथे आहे तिथेच लाकूड पाहिजे." त्यांच्या सांगण्याप्रमाणे हाताला दोन-दोन ठोकळे, प्रत्येकी १५ मिलिमीटर लांब, अराल्डाइट लावून बसवले. मग भोक. एम३ चा बोल्ट, खाली वॉशर, नायलॉक नट.

अख्खे ठोकळे भरले असते तर कागदावर एकूण वजन २००६ होत होतं. आता १९८३. त्यांच्या एका वाक्याने २३ ग्रॅम वाचले.

२२ डिसेंबर

आजची नोंद मोठी आहे, कारण या सांगाड्याचा जीव इथे आहे.

मोटारी, हात, मधल्या प्लेट, ईएससी हा थरथरणारा भाग. कॅमेऱ्याला त्यापासून रबराने तोडायचं. सगळे हेच करतात: छोटी प्लेट, चार रबरी गोळे, खाली कॅमेरा. पण त्यात एक अडचण आहे. रबरावर टांगलेली वस्तू जितकी हलकी, तितका तिचा स्वतःचा झुलण्याचा वेग जास्त, आणि तितकी वरची थरथर खाली जास्त पोहोचते. २०० ग्रॅमचा कॅमेरा एकटा टांगला आणि तो ३२ हर्ट्झला झुलतो असं धरलं, तर ७१ हर्ट्झच्या थरथरीचा पाव हिस्सा त्याच्यापर्यंत जातो.

म्हणून बॅटरी त्याच ट्रेवर ठेवली. बॅटरी ५३०, कॅमेरा २००, ट्रे, पट्टे आणि टेलिमेट्री मिळून रबरावर साधारण ९०० ग्रॅम. तेच रबर, तोच स्प्रिंगचा जोर, पण आता झुलण्याचा वेग १५ हर्ट्झवर उतरतो आणि ७१ हर्ट्झची थरथर पोहोचते पाच टक्क्यांच्याही आत. एक ग्रॅम न वाढवता, फक्त बॅटरीची जागा बदलून कॅमेरा पाचपट शांत होतो. भरलेल्या बैलगाडीत बसलेल्याला धक्के कमी लागतात, त्यातलाच हा प्रकार.

मग याहून मऊ रबर का नको? कारण ट्रे पाच-सात हर्ट्झला झुलू लागला तर पिक्सहॉक ड्रोनला सावरण्यासाठी ज्या वेगाने मोटारी कमी-जास्त करतो, त्या वेगाच्या तो जवळ येतो. अर्धं वजन खाली लोंबकळत भलतीकडे ओढणार आणि दोघांची ओढाताण सुरू होणार. १५ ही दोन्ही बाजूंनी सुरक्षित जागा. त्याच कारणाने पिक्सहॉक ट्रेवर ठेवला नाही; हातांची हालचाल त्याला थेट कळायला हवी. तो मधल्या वरच्या प्लेटवर, पातळ जेल पॅडवर.

रबराचा जोर मोजायला यंत्र लागत नाही. ट्रेवर पूर्ण वजन ठेवायचं आणि रबर किती दबलं ते व्हर्नियरने बघायचं. दाब सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्याने भागायचं, हर्ट्झ मिळाले. १.१ मिलिमीटर दबलं तर १५. सिलिकोनचे गोळे दोन कडकपणांचे आणले होते. मऊ गोळे २.४ मिलिमीटर दबले, म्हणजे १० हर्ट्झ; कडक गोळे १.२. कडकच ठेवले. हलताना रबर थोडं आणखी कडक वागतं, त्यामुळे खरा आकडा १५ च्या थोडा वर असणार.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार लोक लक्ष देत नाहीत. गोळे ज्या पातळीवर आहेत, त्याच पातळीवर टांगलेल्या सामानाचा गुरुत्वमध्य आला पाहिजे. तो खाली असला तर बाजूचा धक्का लागला की ट्रे नुसता सरकत नाही, कलतो. सरकण्याने फोटो बिघडत नाही, कलण्याने बिघडतो. ०.०२ अंशांचा हिशेब मांडला तर १० सेंटिमीटरच्या ट्रेच्या टोकाला ०.०४ मिलिमीटरची थरथर एवढीच सवलत आहे. त्यासाठी ट्रेला वर वळलेले चार कान केले आणि गोळे त्या कानांना, बॅटरीच्या कमरेच्या उंचीवर बसवले. ट्रे दोऱ्याने टांगून समतोल बघितला. बॅटरी ६ मिलिमीटर मागे घेतल्यावर जागेवर आला. पट्ट्याखाली तिथे खुणेची रेघ मारली आहे, दर वेळी बॅटरी त्याच रेघेवर.

२९ डिसेंबर

पाय. बुरुड आळीतून बांबू. "दादा, कशाला पायजे, मांडवाला का कंदिलाला?" असं विचारून तिथल्या मावशींनी जुन्या, पिकलेल्या बांबूच्या कामट्या काढून दिल्या आणि पाठ बाहेरच्या बाजूला ठेवायला बजावलं, कारण ताकद पाठीत असते. प्रत्येक पाय ८ ग्रॅम. मेणबत्तीवर शेकून किंचित बाक दिला. टेकताना धक्का कामटी खाते. जास्तच जोरात टेकलं तर कामटी मोडेल आणि हात वाचेल. पाय थेट हातांना, ट्रेला नाही. ट्रेला लावले तर उतरण्याचा धक्का रबरातून उलटा जातो.

लेन्स आडवी ७१ अंश बघते. पाय त्या कोनाच्या बाहेर आहेत, फोटोत येत नाहीत. फरशीवर ठेवून फोटो काढून पाहिलं.

५ जानेवारी २०२५

वायरिंग. बॅटरीची लाल आणि काळी वायर एकमेकींना पिळून नेली, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना बऱ्याच अंशी मारतात. जीपीएस आणि होकायंत्र १२ सेंटिमीटरच्या काचतंतूच्या काठीवर, सगळ्या वीजवाहक वायरींपासून लांब. कंपासमॉट चाचणीत (मोटारींच्या विजेने होकायंत्र किती बिघडतं ते बघायची) अडथळा ३० टक्क्यांच्या बराच खाली आला, तेवढा चालतो. बॅटरीची वायर ट्रेपर्यंत जाते तिथे सैल वळण ठेवलं; ताठ वायर म्हणजे रबराला वळसा घालून जाणारी थरथरीची वाट.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पूर्ण ड्रोन: १९६४ ग्रॅम.

१२ जानेवारी

संक्रांत तोंडावर. आकाशात मांजा असेपर्यंत बाहेर काढायचा नाही. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी तो झाडांवर लटकलेला दिसतोच आणि पंख्यात गेला तर सगळं खाली.

तोवर पंखे तोलले. पंखा सुईवर आडवा ठेवायचा, जड पातं खाली जातं, हलक्या पात्याच्या खालच्या अंगाला सेलोटेपचा बारीक तुकडा. पातं आडवं राहिलं की पंखा उभा धरून पुन्हा बघायचं, कारण कधी कधी जडपणा मधल्या गड्ड्यात असतो आणि तो आडवं ठेवून कळत नाही. सगळे पंखे तोलायला संध्याकाळ गेली. थरथर जन्मते तिथेच कमी करणं हे रबरापेक्षाही आधीचं काम.

१९ जानेवारी

पहिलं उड्डाण. शहरात उडवायचा प्रश्नच येत नाही: लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, इकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, म्हणजे ड्रोनला मोकळा, भाग बघून मावसभावाच्या शेतात, ज्वारी काढलेल्या रिकाम्या तुकड्यात गेलो. सकाळी साडेसात, वारा नाही.

पहिल्यांदा छातीच्या उंचीवर, मग दहा मीटर. सांगाड्यातून कुठलाही खडखडाट नाही. लॉगमध्ये थरथर आडव्या दोन्ही दिशांना ८ च्या आसपास, उभ्या दिशेला १२; पिक्सहॉकवर चालणाऱ्या आर्डूपायलट सॉफ्टवेअरमध्ये ३० पर्यंत चालते, १५ च्या आत चांगली. क्लिपिंग (थरथर सेन्सरच्या मोजण्याच्या हद्दीबाहेर जाणं) शून्य. लेझर टॅकोमीटरने स्थिर उड्डाणात पंखा मिनिटाला साधारण ४३५० मोजला, कागदावरच्या हिशेबाच्या जवळच. हा आकडा धरून हार्मोनिक नॉच फिल्टर (पंख्याच्या वेगाची थरथर सेन्सरच्या आकड्यांतून गाळणारा) ७२ हर्ट्झला लावला. त्यानंतर मोटारी गार उतरल्या आणि जागेवर उभं राहणं आणखी घट्ट झालं.

बॅटरी वीस टक्के राखून १४ मिनिटं.

दोन घारी येऊन घिरट्या घालून गेल्या. घार दिसली की सरळ खाली उतरायचं नाही, ती वरून झडप घालते. सावकाश वर चढत बाजूला सरकायचं. ती कंटाळून निघून जाते.

२ फेब्रुवारी

फोटोंची चाचणी. जमिनीवर पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या: २०, १५, १० आणि ७ मिलिमीटर रुंदीच्या. २० मीटरवरून १/१००० ला १५ च्या पट्ट्या प्रत्येक फोटोत स्वच्छ, १० च्या बहुतेक फोटोंत वेगळ्या दिसतात, ७ च्या राखाडी. म्हणजे पिक्सेलने जेवढं द्यायला हवं तेवढं दिलंय. नंतर मुद्दाम ट्रे आणि प्लेट यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोकून रबर निकामी केलं आणि तेच फोटो घेतले: १५ च्या पट्ट्याही काही फोटोंत एकमेकींत मिसळल्या. शेजारी शेजारी ठेवून भाचीला पाठवले. "पाचर नको," एवढंच उत्तर आलं.

१६ फेब्रुवारी

बारव. भाचीने ग्रामपंचायतीकडून लेखी होकार आणला होता. बारव संरक्षित यादीत नाही, ती असती तर परवानगी वेगळी लागली असती. झुडपं गावातल्या मुलांनी दोन दिवस आधी काढून ठेवली. काठावर आणि जिन्याच्या कडेने चौकटीच्या खुणेचे पुठ्ठे ठेवून त्यांच्यातली अंतरं तिने टेपने घेतली.

उंची २० मीटर, वेग सेकंदाला २ मीटर, दर दोन सेकंदांनी फोटो. एक फोटो जमिनीवरचा २८ बाय २१ मीटरचा तुकडा धरतो, त्यामुळे पुढचा फोटो आधीच्यावर ८० टक्के चढतो. ओळींमधलं अंतर साडेआठ मीटर. उडताना काठावर कुणालाही उभं राहू दिलं नाही, गावकरी चिंचेखाली थांबले.

मला उडवताना बारव दिसत नव्हती, मी फक्त ड्रोनकडे बघत होतो. नंतर लॅपटॉपवर पहिला फोटो उघडला तेव्हा एक आजोबा म्हणाले, "लहानपणापासून पाणी भरलं हिचं, पण ही अशी आहे हे आज कळलं." चौकोनी तोंड, आत एकात एक उतरणाऱ्या पायऱ्या, आणि दक्षिणेची भिंत आत आल्यामुळे त्या बाजूचा चौकोन उघडच वाकडा. भाची काही न बोलता तिच्या टेपच्या मापांची वही उघडून बसली.

२३ फेब्रुवारी

ओपनड्रोनमॅप या फोटो जोडून नकाशा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर जुळणी. काठावरच्या पुठ्ठ्यांमधली अंतरं टेपशी दीड सेंटिमीटरच्या आत जुळतात. भिंतीचा फुगवटा टेपने कळला होता त्याहून लांब पसरलाय, जिन्याच्या वळणापर्यंत. तिथे ती पुन्हा जाऊन हाताने मोजणार आहे.

तळाकडचा भाग मात्र कच्चा आहे. तळ काठापासून नऊ मीटर खोल, म्हणजे कॅमेऱ्यापासून २९ मीटर. पिक्सेल तिथे १ सेंटिमीटरचा होतो, ते चालेल. अडचण सावलीची. फेब्रुवारीत भर दुपारीही सूर्य पुण्यात ६० अंशांच्या आसपासच असतो, दक्षिणेच्या भिंतीची सावली अर्धा तळ झाकते आणि सावलीतल्या पायऱ्या सॉफ्टवेअरला सापडत नाहीत.

१३ मेच्या आसपास पुणे परिसरात शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हा दुपारी साडेबाराच्या सुमाराला ऊन थेट तळापर्यंत उतरेल. फेरी तेव्हाची ठरवली. चाळीस अंशांच्या उन्हात हवा आजच्यापेक्षा साधारण ५ टक्के पातळ असेल, पंख्यांना अडीच टक्के जास्त फिरावं लागेल, ठोका ७२ वरून ७४ वर जाईल. हातांच्या ११२ पासून अजून पुरेसा लांब. नॉच फिल्टर थ्रॉटलबरोबर (मोटारींना दिलेल्या जोराबरोबर) सरकतो, तो हात न लावता चालेल. रबर उन्हात मऊ पडतं, त्यामुळे ट्रेचा दाब गच्चीवर दुपारी पुन्हा मोजायचा; १.४ मिलिमीटरच्या पुढे गेला तर आणखी कडक गोळे. बॅटरी उड्डाणापर्यंत सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात. आणि एक पाय बदलायचाय, त्याची कामटी टोकाला उकलली आहे.